नडग्या ठणकतात, चालणं बंद करू का?

जळगावकर: वय ४१, दिवसभर दुकानात बसून. सोमवारी मेहरूण तलावावर गेलो अन जोशात पहिल्याच दिवशी ५ किलोमीटर मारले, ते पण चपलांवर, रोज तेच, आता दोन्ही नडग्या आतल्या बाजूनं ठणकतात, जिना उतरताना देव आठवतो. काय करू भो?

भुसावळवाला: अरे भाऊ डायरेक्ट ५? दुखणं जाईस्तोवर आराम कर, बर्फ फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं लाव. मग सपाट मातीवर १०-१५ मिनिटंच, दर आठवड्याला थोडं वाढवायचं. चप्पल सोड, बूट घे. माझं तर लांब ढांगा टाकून टाच आपटायची, पावलं छोटी केली तेव्हा बरं वाटलं.

धुळ्याची ताई: भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा, ३० सेकंद, दोन्ही पायांना. आणि बोटानं दाबून बघा, एकाच ठिकाणी कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्याही दुखत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, अंगावर काढू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

जळगावकर: दाबून पाहिलं ताई, सगळीकडेच दुखतं 😅 रात्री नाही. बूट आणतो आजच.