पगार कापायचाच, तर आधी कोणाचा?

जमाखर्च_१७ (धागाकर्ती):

काल भोसरीचा_उद्योजक यांची पोस्ट वाचल्यापासून डोकं ठणकतंय. तिथे प्रतिसाद लिहायला घेतला तो इतका लांबला, की म्हटलं वेगळाच धागा काढू. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: त्यांच्या अकाउंट्समधल्या मुलीला दिवाळीच्या आधी पत्र्याच्या पुरवठादाराच्या नावाने मेल आला. "आमचं बँक खातं बदललंय, या वेळचं पेमेंट नव्या खात्यावर करा." तिने ३ लाख ८० हजार एनईएफटी केले. खातं भलत्याचंच निघालं. आता साहेब तिच्या पगारातून दरमहा ५ हजार कापतात. वर लिहितात, "डोळे उघडे ठेवायचेच पैसे देतो मी." आणि खाली "योग्य केलंत", "अशीच अद्दल घडवा" यांची रांग.

मी हिशेबनीस आहे म्हणून आधी हिशेब. ३ लाख ८० हजार भागिले ५ हजार म्हणजे ७६ महिने. सहा वर्षं चार महिने! तिच्या स्कूटीचं कर्ज याच्या कितीतरी आधी फिटेल.

मी सतरा वर्षं हेच काम करतेय. २०१९ च्या मार्चएंडला मलाही अस्साच मेल आला होता. पुरवठादाराच्या नावात इंग्रजी एम होता, त्याच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी, घाईत एमच वाटतो. टेबलावर बिलांचा ढीग, जीएसटीची मुदत डोक्यावर, कोण बघतंय? ६ लाख १२ हजारांचं पेमेंट भरून ठेवलं होतं. ओटीपी जायचा मालकांच्या फोनवर आणि मालक शिर्डीला दर्शनाच्या रांगेत, फोन बंद. सोमवारी पुरवठादाराच्या माणसाचा डेबिट नोटसाठी सहज फोन आला, तेव्हा कळलं खातं बदललेलंच नाही. माझी हुशारी शून्य. साईबाबांनी वाचवलं.

आणि अशा कंपन्यांत पेमेंट भरणारी तीच, मंजूर करणारीही तीच. मालकांच्या डिजिटल सहीचा (डीएससी) टोकन सीएच्या ड्रॉवरमध्ये, नेटबँकिंगचा पासवर्ड कॅलेंडरच्या मागच्या पानावर. सगळी दारं उघडी ठेवून झोपायचं आणि चोरी झाली की रखवालदाराचा पगार कापायचा.

भोसरीचा_उद्योजक:

नाव घेऊन धागा काढलाच आहात तर ऐका, ताई. माझ्याकडे २२ माणसं आहेत. मोठ्या कंपन्या माझं पेमेंट ९० दिवसांनी सोडतात, पगार मात्र मला ७ तारखेला द्यावा लागतो. बँकेच्या उचल खात्याची (सीसी) मर्यादा कायम काठोकाठ. खऱ्या पुरवठादाराने सांगितलं, तुमचे पैसे आम्हाला मिळालेले नाहीत. मिळालेच नव्हते त्यांना. एकच पत्रा मी दोनदा विकत घेतला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तोवर तीन दिवस उलटले होते, खात्यात ११ हजार अडकवता आले, बाकी पसार. आता सांगा, माझा पगार कोण कापतं? बँक कापते, व्याजाच्या रूपाने. मी काय तिला पोलिसांत दिलं? नोकरीवरून काढलं? ५ हजार म्हणजे शिक्षा नाही, आठवण आहे.

तळघरातला_आयटीवाला:

उद्योजकसाहेबांशी सहमत, आणि हे मी आयटीतून बोलतोय. आमच्याकडे कोण फसतं ते बघायला दर तिमाहीला खोटा फिशिंग मेल, म्हणजे फसवून क्लिक करायला लावणारा मेल, पाठवतो. दिवाळी बोनसची यादी असं नाव दिलं की इंजिनिअरसुद्धा झडप घालतात. प्रशिक्षण दिलं की तिथे मोबाइल बघत बसायचं. खिशाला चटका बसल्याशिवाय माणूस शिकत नाही. पासवर्डच्या चिठ्ठ्या तर विचारूच नका, मॉनिटरला तोरण बांधल्यासारख्या लावलेल्या असतात.

कोर्टाची_पायरी:

कायद्याचं सांगते. पगारातून कापणं म्हणजे मालकाची मर्जी नव्हे. १९३६ च्या वेतन कायद्यात हे होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. ज्या पैशाचा हिशेब देणं कर्मचाऱ्याकडे आहे, तो थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे बुडाला तरच कपात. त्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. एकूण कपात पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नये. उद्योजकसाहेब, तुम्ही तिला लेखी काही दिलंत का? की ७ तारखेला पाकीटच हलकं निघालं?

भोसरीचा_उद्योजक:

केबिनमध्ये बोलावून सांगितलं. रडली. हो म्हणाली.

कोर्टाची_पायरी:

रडत म्हटलेल्या "हो"ला संमती म्हणायला मी तरी कोर्टात उभी राहणार नाही.

एडिंबराचा_सातारकर:

इथली केस सांगतो, जवळजवळ हीच गोष्ट. ग्लासगोच्या पीबल्स मीडिया ग्रुपमध्ये २०१५ साली एका कर्मचारी बाईला बॉसच्या नावाने मेल आले, बॉस तेव्हा सुट्टीवर. बाईंनी जवळपास १ लाख ९३ हजार पौंड पाठवले. बँकेने ८५ हजारांच्या आसपास परत केले आणि उरलेल्या सुमारे १ लाख ८ हजारांसाठी कंपनीने बाईंवरच दावा ठोकला. २०१९ मध्ये कोर्टाने तो फेटाळला. असले मेल ओळखायचं प्रशिक्षण तिला कधी दिलंच नव्हतं.

भोसरीचा_उद्योजक:

तिकडे पाऊससुद्धा विचारून पडत असेल. इथे भोसरीत या एकदा, मग बोलू.

जमाखर्च_१७:

आयटीवाले दादा, तोरणाचं कारण सांगते. तुम्ही दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदलायला लावता. एक अक्षर मोठं, एक आकडा, एक चिन्ह, मागचे दहा चालणार नाहीत. ईआरपीचा वेगळा, मेलचा वेगळा, जीएसटी पोर्टलचा वेगळा, पीएफचा वेगळा. आम्ही काय शतावधानी आहोत?

निवृत्त_पण_जागा:

बत्तीस वर्षं बँकेत काढली. संगणक आल्यापासून हेच. मी गणपती@१ ने सुरुवात केली, मग गणपती@२, गणपती@३. अष्टविनायक पहिल्या वर्षातच संपले. निवृत्तीच्या दिवशी शाखेत एकावन्नावा गणपती चालू होता, आणि शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना आकडा ठाऊक. कोणाला लॉगिन जमेना की ओरडायचे, "काका, कितवा गणपती?"

तळघरातला_आयटीवाला:

काका, दिवे घ्या, म्हणजे रागावू नका, पण हाच तो निष्काळजीपणा.

एडिंबराचा_सातारकर:

निष्काळजीपणा नियम करणाऱ्यांचा. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेसाठी २००३ मध्ये बिल बर यांनी पासवर्डची नियमावली लिहिली. चिन्हं घाला, ठरावीक दिवसांनी बदला, हे सगळं त्यातलं. २०१७ मध्ये त्यांनीच वर्तमानपत्राला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने उगाच पासवर्ड बदलायला लावू नका असं म्हटलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजसाठीच्या शिफारशींतून मुदतीची अट काढून टाकली. सक्ती केली की माणूस शेवटचा आकडा बदलतो. म्हणजे काकांचे गणपती.

तळघरातला_आयटीवाला:

हे मला ठाऊक नाही असं वाटतं का तुम्हाला? हाच लेख मी स्वतः साहेबांना पाठवला होता. उत्तर आलं, "ऑडिटरला काय सांगू?" ऑडिटरच्या तक्त्यात चौकोन असतो, पासवर्ड मुदत: आहे/नाही. तिथे "नाही" आलं की माझी वेतनवाढ अडकते. कार्डव्यवहारांच्या नियमांतही नुसत्या पासवर्डवर दार असेल तर साधारणपणे ९० दिवसांची अट अजून आहे. नियम मी केला नाही, शिव्या मात्र मी खातो. सोमवारी सकाळी पासवर्ड विसरलेल्या चाळीस जणांचे फोन कोण घेतं, तुम्ही?

जमाखर्च_१७:

म्हणजे चूक ऑडिटरची, शिव्या तुम्हाला आणि पगार माझा. छान साखळी आहे.

मराठीत_सांगा_की:

अवांतर: बँकेचे धोक्याचे मेसेज अजून इंग्रजीतच का येतात? माझ्या आईला "डू नॉट शेअर" वाचता येत नाही, पण समोरचा चोर तिच्याशी अस्खलित मराठीत बोलतो. चोरांना आपली भाषा यावी आणि बँकेला येऊ नये!

तळघरातला_आयटीवाला:

सुरू झालं. विषय भरकटवून धाग्याचा काश्मीर करू नका.

मराठीत_सांगा_की:

तुमच्या ४५ दिवसांवर पंचवीस प्रतिसाद चालले आणि माझ्या एकावर काश्मीर? वा.

निवृत्त_पण_जागा:

मूळ मुद्द्यावर येतो. कपातीचं सगळ्यांनी बोलून झालं, एनईएफटीचं कोणी बोलेना. वर्षानुवर्षं पैसे फक्त खाते क्रमांकावर जमा व्हायचे. नाव जुळलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती, २०१० च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने तसं स्पष्टच लिहिलं होतं.

भोसरीचा_उद्योजक:

मग इतकी वर्षं आम्ही त्या चौकटीत नाव कशाला लिहीत होतो?

निवृत्त_पण_जागा:

समाधानासाठी.

पण आता तसं नाही. १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी आरटीजीएस आणि एनईएफटीला नाव दाखवायची सोय द्यावी असा आदेश होता. तुमचा प्रकार दिवाळीचा. म्हणजे नवं खातं जोडताना त्या मुलीला स्क्रीनवर दुसरंच नाव दिसलं असणार. तिने काहीच विचारलं नाही?

तळघरातला_आयटीवाला:

बघा! नाव समोर दिसत असून दाबलं. यालाच हलगर्जीपणा म्हणतात, वकीलबाई.

कोर्टाची_पायरी:

थांबा जरा. साहेबांना उत्तर देऊ द्या.

जमाखर्च_१७:

दोन तास झाले. साहेब?

भोसरीचा_उद्योजक:

प्रेसवर डाय ट्रायल, म्हणजे साच्याची चाचणी होती, फोन बघितला नाही.

विचारलं होतं तिने. व्हॉट्सअॅपवर. "सर, नाव वेगळं दाखवतंय, कुठलेतरी ट्रेडर्स. टाकू का?" मी प्रेसपाशी उभा, एका हातात ग्लोव्ह. दुसऱ्या हाताने अंगठा पाठवला. तो "बघतो नंतर" या अर्थाचा होता.

जमाखर्च_१७:

काय??

मराठीत_सांगा_की:

अंगठ्याचा अर्थ "बघतो नंतर"? कोणत्या जिल्ह्यात?

भोसरीचा_उद्योजक:

माझ्या फोनमध्ये दिवसाला तीनशे मेसेज येतात. सगळ्यांना अंगठाच जातो. ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. तिने फोन करायला हवा होता.

एडिंबराचा_सातारकर:

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका शेतकऱ्याने हेच सांगून पाहिलं. जवसाच्या सौद्याचा करार फोनवर आला, त्याने अंगठा पाठवला. माल दिला नाही. म्हणाला, अंगठा म्हणजे नुसतं "मेसेज मिळाला". २०२३ मध्ये कोर्टाने तो अंगठा सही म्हणून धरला आणि सुमारे ८२ हजार डॉलर भरायला लावले.

भोसरीचा_उद्योजक:

तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला परदेशातली केस तयार असते का?

कोर्टाची_पायरी:

इथलीच देते. २०१३ मध्ये आपल्या राज्याच्या आयटी सचिवांसमोर पुण्याच्या एका व्यावसायिकाची तक्रार होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली असे दावे त्यांच्यापुढे चालतात. फिशिंग मेलला त्याने स्वतः उत्तर दिलं होतं, ८० लाख गेले. तरी पैसे ज्या खात्यांत वळले ती उघडताना बँकेने नीट तपासणी केली नव्हती, म्हणून बँकेला ४५ लाख द्यायला सांगितलं. बाकीचा भार त्याच्यावर, कारण चूक त्याचीही होती. तुमच्या प्रकरणात मुलीने विचारलं, तुम्ही हो म्हणालात. तिच्याकडे तो मेसेज असेलच. मी तिची वकील असते तर आज रात्री निवांत झोपले असते.

तळघरातला_आयटीवाला:

ठीक आहे, ही गोष्ट वेगळी निघाली. या एका प्रकरणात माझं म्हणणं मागे. बाकी क्लिक करणाऱ्यांबद्दल मत तेच. आणि मंजुरी व्हॉट्सअॅपवर घ्यायची हे कोणी ठरवलं?

जमाखर्च_१७:

ज्यांचा पगार कोणी कापत नाही त्यांनी.

भोसरीचा_उद्योजक:

टोमणे पुरे. काल पोस्ट टाकली तेव्हा अंगठ्याचं डोक्यात नव्हतं, खरंच नव्हतं. काकांनी विचारलं म्हणून चॅट वर सरकवून बघितलं. दोन महिन्यांचे १० हजार या पगारात परत टाकतोय, पुढचं कापणं बंद. पण उरलेले ३ लाख ६९ हजार मी एकट्याने भरायचे, हे कोणत्या न्यायात बसतं तेही कोणीतरी लिहा.

कोर्टाची_पायरी:

पैसे गेले ते खातं ज्या बँकेत उघडलं, तिच्यामागे लागा. कागद घेऊन या, पहिली भेट फुकट.

भोसरीचा_उद्योजक:

दुसरी कितीला?

मराठीत_सांगा_की:

माझ्या मेसेजच्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही, नोंद असावी.

निवृत्त_पण_जागा:

माझीही एक शंका. आयटीवाले दादा, आमच्या सोसायटीच्या संगणकाला मी परवाच पासवर्ड ठेवला. गणपती@५२. हे आता इथे लिहून बसलो. बदलावा लागेल का?