10 फुटी जाळीच्या डिशला नवीन एलएनबी कुठला लावू?

येरळाकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्या गच्चीवर वडिलांच्या केबलच्या धंद्यातली 10 फुटी जाळीची डिश आहे, 1996 ला बसवलेली. धंदा कधीच बंद झाला पण वडिलांनी ती भंगारात काही घालू दिली नाही. आता ते दिवसभर घरीच असतात म्हणून म्हटलं परत चालू करून देऊ, फ्री चॅनेल येतील तेवढे बघतील. छोट्या डिशवर सगळं येतं हे माहितीय, पण त्यांना हीच चालू झालेली बघायचीय.
93.5 अंश पूर्वेच्या उपग्रहावर लावली, एमपेग-4 चा (आताच्या डिजिटल चॅनेलचा) नवीन बॉक्स आणला. बॉक्सवर सिग्नलची क्वालिटी 30 टक्क्यांच्या आसपास नाचत राहते, दोन-तीन चॅनेल कसेबसे येतात, दुपारी ऊन तापलं की तेही जातात आणि रात्री जेवणं झाली की परत हजर. एलएनबी, म्हणजे डिशच्या फोकसवरचा सिग्नल वाढवून खाली केबलमध्ये पाठवणारा डबा, तेव्हाचाच आहे, फ्लॅंजला (जोडाच्या चपट्या कडेला) बोल्टने बसणारा, सिग्नल गोळा करणारं तोंड म्हणजे फीडहॉर्न वेगळा, आत पोलॅरिटी (लहरीची आडवी-उभी दिशा) फिरवायची छोटी मोटर होती ती केव्हाच मेली. दुकानदार म्हणतो हे सगळं काढून फेका आणि 13/18 व्होल्टने पोलॅरिटी बदलणारा अखंड एलएनबीएफ (एलएनबी आणि फीडहॉर्न एकातच) लावा, 15 केल्विनवाला, म्हणजे स्वतःची खरखर कमी असलेला. घेऊ का?

जुना_केबलवाला_कराड:
दुपारी जातं आणि रात्री येतं म्हणजे एलएनबीच्या आतला ऑसिलेटर (ठरावीक फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग) उन्हाने सरकतोय. 5150 मेगाहर्ट्झवर पाहिजे तो तापला की एक-दोन मेगाहर्ट्झ इकडेतिकडे होतो आणि कॅरियर (चॅनेलची लहर) बारीक असला की बॉक्सला सापडतच नाही. त्यावर उपाय पीएलएलवाला एलएनबी, त्यात क्रिस्टल फ्रिक्वेन्सी धरून ठेवतो, तो हलत नाही. केल्विनच्या आकड्यामागे मात्र लागू नका. 30 चा 15 केला तरी जमिनीची उष्णता, फीडचा लॉस धरून एकूण फरक जेमतेम 1 डीबीचा पडतो.
पण पहिलं काम टेप घेऊन वर चढायचं. डिशचा व्यास मोजा, काठावरून काठावर दोरी ताणून मधली खोली मोजा. व्यासाचा वर्ग भागिले खोलीची सोळापट, तेवढ्या अंतरावर फोकस. तीस वर्षांत फीडचे पाय वाकलेले असतात हो, आमच्या सगळ्या डिशचे वाकलेले होते. पूर्वीच्या क्यूपीएसके पद्धतीच्या सिग्नलला थोडं इकडेतिकडे चालून जायचं, आता त्याहून दाट माहिती भरलेल्या 8पीएसके 3/4 ला नुसतं लॉक व्हायलाच जवळपास 8 डीबी लागतात, तिथे दोन-तीन सेंटीमीटरची चूकसुद्धा महागात पडते.

सोल्डरगन:
दादा फीडहॉर्न फेकू नका!! आधी सांगा आसपास 5जी टॉवर आहे का. आपल्याकडे 5जीला 3300 ते 3670 मेगाहर्ट्झचा पट्टा दिलाय आणि आपली डिश ऐकते 3700 पासून 4200 पर्यंत, म्हणजे अगदी भिंतीला भिंत. उपग्रहाचा सिग्नल 36 हजार किलोमीटरवरून येतो आणि टॉवर शेजारी ओरडतोय, एलएनबीच्या पहिल्याच ट्रान्झिस्टरचा जीव गुदमरतो. म्हणून फिल्टर एलएनबीच्या पुढेच पाहिजे, खाली केबलमध्ये लावून काहीही उपयोग नाही. आणि तो पत्र्याच्या डब्यासारखा फिल्टर बसतो फीडहॉर्न आणि एलएनबी यांच्यामध्ये, फ्लॅंजला. अखंड एलएनबीएफ घेतला की ती जागाच उरत नाही. आत फिल्टर असलेले एलएनबीएफ पण मिळतात, पण तुमच्याकडे चांगला फीडहॉर्न फुकट आहे की.

येरळाकाठ:
टॉवर आहे, उसाच्या फडापलीकडे, दोनशे मीटर असेल. काका, मोजलं. व्यास 305 सेंमी, खोली 48. उत्तर आलं 121 आणि फीडचं तोंड आहे 126 वर, वर एका बाजूला कललेलं. तीनपैकी एक पाय वाकलाय.

जुना_केबलवाला_कराड:
मग हेच तुमचं दुखणं. पाय सरळ करा, चारी दिशांनी काठापासून तोंडापर्यंत दोरी लावून अंतर सारखं येतंय का बघा. 121 भागिले 305 म्हणजे 0.4, फीडहॉर्नभोवतीची गोल चकतीही त्याच खुणेवर सरकवा. मोटरची काळजी नको, एकच उपग्रह बघायचाय ना, अख्खा फीडहॉर्न हाताने फिरवून क्वालिटी सगळ्यात जास्त येईल तिथे आवळून टाका. आणि काम करताना बॉक्सचा प्लग काढा, केबलमधून 18 व्होल्ट येत असतात, शॉर्ट झालं तर बॉक्स जातो.

सॅटफॅन_नगर:
केबलची टोकं पण बघा. माझ्या एफ कनेक्टरमध्ये (केबलच्या टोकाच्या जोडात) हिरवा गंज होता, नुसता तो कापून नवीन लावला तर 6 टक्के वाढले.

येरळाकाठ:
रविवारी दिवसभर हेच केलं. फीडहॉर्न खाली उतरवला तर वरची प्लॅस्टिकची टोपी तडकलेली आणि आत कुंभारीण माशीचं मातीचं घर, अंगठ्याएवढं, बरोबर प्रोबला (सिग्नल उचलणाऱ्या छोट्या तारेला) चिकटून! वडिलांनी स्वतः जुन्या टूथब्रशने ते साफ केलं, अर्धा तास कुणाला हात लावू दिला नाही. पाय शेजारच्या वेल्डरकडून सरळ करून आणला, फीड 121 वर आणलं, केबल नवी टाकली. एलएनबी जुनाच ठेवून आधी बघितलं, क्वालिटी 30 वरून 52. मग पीएलएल एलएनबी लावला, 58, आणि दुपारी दोन वाजता पण तेवढीच. फिल्टर मागवलेला तो काल आला, लावला आणि आकडा 71 वर जाऊन थांबला, आता नाचतच नाही. सोल्डरगन, तुमचे मनापासून आभार, दुकानदाराचं ऐकलं असतं तर फीडहॉर्न भंगारात गेला असता.
डिशच्या जाळीच्या वाकलेल्या दोन पाकळ्या (तुकडे) राहिल्यात. त्या हाताने दाबून सरळ होतील की काढाव्या लागतील?

जुना_केबलवाला_कराड:
बोल्ट सैल करा, मागून लाकडी फळी लावा आणि हळूहळू दाबा, हातोडा अजिबात नको. आणि टोपी नवीन बसवा पावसाच्या आधी. वडिलांना नमस्कार सांगा.