मदत हवी आहे : 'नाइटवुड' गटात वाचायची कशी?

आमच्या वाचनगटाने ज्यूना बार्न्स यांची 'नाइटवुड' (१९३६) ही कादंबरी घेतली आहे आणि चर्चा अडली आहे. निम्मे जण म्हणतात, "यात काही घडतच नाही." प्रेयसी रॉबिन सोडून गेल्यावर नोरा मध्यरात्री डॉक्टरकडे जाते, तो विग आणि बायकी गाऊन घालून पलंगावर पडलेला, आणि मग पानंच्या पानं त्याचंच बोलणं. तिथेच बऱ्याच जणांनी पुस्तक मिटलं. मला मात्र नोराचं दुःख तिथेच सर्वांत जवळून दिसतं. ती मध्येमध्ये रॉबिनबद्दलच विचारते, तो रात्रीबद्दल बोलत सुटतो.

दुसरा वाद जास्त बोचरा आहे. काहींना वाटतं, दोन बायकांचं प्रेम इतकं काळोखं रंगवणं म्हणजे त्याला शिक्षाच देणं. पण १९२८ साली लंडनच्या कोर्टाने असंच प्रेम सरळ सांगणारी कादंबरी अश्लील ठरवली होती. आठ वर्षांनी त्याच शहरात 'नाइटवुड' छापताना तिचे संपादक, कवी टी. एस. एलियट यांनीही काही मजकूर सौम्य केला. हे आधी सांगावं की नंतर?

ज्यांनी ही गटात वाचली आहे, त्यांनी कृपया सांगा : डॉक्टरचं प्रकरण मोठ्याने वाचलंत का? आणि रॉबिनवर चिडलेल्या वाचकांशी कसं बोललात?