शब्दचर्चा : शीर्षक, मथळा की हेडिंग?

प्रश्न : शोधनिबंधाचं नाव तेही ‘शीर्षक’ आणि आतल्या भागाचं नाव तेही ‘शीर्षक’. ‘उपशीर्षक’ म्हटलं की आणखीच घोळ. वेगळे शब्द आहेत का?

— आहेत. ‘शीर्षक’ अख्ख्या निबंधाचं, ते एकच. त्याला जोडून अपूर्णविरामानंतर येतं ते ‘उपशीर्षक’. आतल्या भागांना ‘मथळा’, त्याच्या पोटात ‘उपमथळा’. ‘शीर्षलेख’ निराळाच : वरच्या समासात पानोपानी येणारी ओळ.

— ‘मथळा’ला वर्तमानपत्राचा वास येतो. प्रबंधात ‘विभागशीर्षक’ बरं.

— मथळा माथ्याच्या कुळातला. वर्तमानपत्रांनी तो विकत घेतलेला नाही. आणि ‘विभागशीर्षक’ केलंत की खाली ‘उपविभागशीर्षक’ आलंच! खरी अडचण ‘उप’ची आहे. एपीए म्हणजे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची शोधलेखनाची नियमावली; तिच्या सातव्या आवृत्तीत मथळ्यांच्या पाच पातळ्या आहेत. उप-उप-उपमथळा कोण म्हणणार? सरळ ‘पातळी ३चा मथळा’ म्हणा. पातळी १ मध्यभागी, ठळक. २ डावीकडे, ठळक. ३ डावीकडे, ठळक आणि तिरका. ४ आणि ५ परिच्छेदाच्या सुरुवातीलाच, थोडे आत. पुढे पूर्णविराम आणि त्याच ओळीत मजकूर सुरू. या दोघांना ‘ओळीतला मथळा’ हे नाव चपखल बसेल.

— मराठीत ‘तिरका’वर भिस्त ठेवू नका. बऱ्याच देवनागरी फॉन्टांत खरी तिरकी अक्षरं नसतातच, संगणक सरळ अक्षरंच कलती करतो. इंग्रजीसारखी मोठी-छोटी लिपी नाही, म्हणून तोही फरक गेला. उरतात आकार (१६, १४, १२) आणि क्रमांक (२, २.१, २.१.१). एपीएत मथळ्यांना क्रमांक नसतात, तेव्हा नियतकालिकाचे नियम आधी पाहा. आणि २.१ दिलात तर २.२ हवाच, एकट्या पोटभागाला मथळा कशाला?

— वर्डमध्ये ओळ नुसती ठळक केली तर ती दिसते मथळ्यासारखी, पण असतो परिच्छेदच. म्हणून आपोआप होणारी अनुक्रमणिका रिकामी येते आणि मथळा पानाच्या तळाशी एकटा लटकतो. ‘हेडिंग १’ शैली लावा (कंट्रोल-ऑल्ट-१). शैलीचा आकार बदलूनही मराठी अक्षरं हलली नाहीत, तर फॉन्टच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा भाग बघा : देवनागरीचा फॉन्ट, ठळकपणा आणि आकार तिथे वेगळा भरावा लागतो.

— अनुक्रमणिकेत मुळात तीनच पातळ्या येतात. ओळीतले मथळे तिथे दिसले नाहीत म्हणून शोधत बसू नका.