एआय खलनायक नायकाला पहिल्याच दारात का मारत नाही?

(चौघांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर बोलणाऱ्याचं टोपणनाव)

मांडवीकाठ
विज्ञानकथेच्या गेम्सबद्दल एक तक्रार सतत ऐकू येते. दारं, हवा, दिवे, रोबो असं सगळं ज्या एआयच्या ताब्यात आहे, ते नायकाला पहिल्या दहा मिनिटांत का संपवत नाही? मग निष्कर्ष असा की एआय खलनायक आला की कथानकाला भोक पडलंच. मला हे अजिबात मान्य नाही. यंत्राला काम काय दिलं होतं आणि त्याचा हात कुठपर्यंत पोचतो, या दोन गोष्टी लेखकाने गाळल्या तरच भोक पडतं.

१९९४ चा सिस्टम शॉक घ्या. अंतराळस्थानक चालवणाऱ्या शोडान या एआयवरची नैतिक बंधनं कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून एका हॅकरने काढली, आणि तो हॅकर म्हणजे आपणच. तिची पकड कॅमेरे आणि सीपीयू नोड (तिचे संगणक) यांवर उभी आहे. ते फोडत गेलं की त्या मजल्याची सुरक्षा टक्केवारी उतरते आणि अडलेली दारं उघडतात. पण सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे ती मेलेल्यांना सायबॉर्ग, म्हणजे अर्धं माणूस अर्धं यंत्र, करणारी खोली. तिथला स्विच फिरवण्याआधी मेलात तर तुम्ही तिचे चाकर, खेळ खलास. फिरवून ठेवला असेल तर तीच खोली तुम्हाला पुन्हा उभं करते. इतर गेम्समध्ये मरून उठणं ही खेळाडूला दिलेली सोय असते. इथे ती शत्रूकडून हिसकावून घ्यावी लागते.

दोनापावला
एका शोडानच्या पुण्याईवर सगळ्यांना सोडता येणार नाही. २०१२ चा मास इफेक्ट ३ बघा. दर ५०,००० वर्षांनी रीपर नावाची महाकाय यंत्रं येऊन प्रगत संस्कृतींची कापणी करतात. कारण शेवटी रीपरांना चालवणारं एआय, कॅटलिस्ट, सांगतो: निर्मिती निर्मात्यावर उलटतेच, म्हणून आम्हीच आधी आवरतो. पण त्याच गेममध्ये रॅनॉक ग्रहावर क्वेरियन ही जमात आणि त्यांनीच घडवलेली गेथ ही यंत्रं यांच्यात समेट करता येतो. तो सहज हाती लागत नाही, आधीच्या मोहिमा नीट केल्या असतील तरच जमतो. एवढा खटाटोप करून खेळाडू जो पुरावा उभा करतो, त्याच्याकडे शेवटच्या दहा मिनिटांत कोणी बघतही नाही.

सत्तरी
समेट होऊन दिवस किती झाले? ज्याच्यासमोर लाखो वर्षांची नोंद आहे, त्याने चार दिवसांच्या तहावर मत का बदलावं? शिवाय लेव्हायथन या जोडभागात मूळ आज्ञा स्पष्ट होते. लेव्हायथन या प्राचीन प्रजातीच्या मांडलिक जमाती यंत्रं बनवत आणि त्याच यंत्रांच्या हातून मरत, म्हणून जीवसृष्टी टिकवण्याचं काम लेव्हायथननी या बुद्धीला, म्हणजे कॅटलिस्टला, दिलं. तिने ते अक्षरशः घेतलं आणि पहिला घास घेतला तो आज्ञा देणाऱ्यांचाच. तर्क भयंकर आहे, पण तुटका नाही.

दोनापावला
मग हा युक्तिवाद शेपर्डच्या, म्हणजे खेळाडूच्या पात्राच्या, तोंडी येऊ द्या आणि कॅटलिस्टला तो खोडू द्या! संवादाच्या पर्यायांत रॅनॉकला जागाच नाही. आणि खलनायकाचं मूळ कारण वेगळे पैसे मोजून घ्यायच्या भागात असेल, तर ते मुख्य गेममध्ये नाही असंच मी धरणार.

खाजनवाट
‘अक्षरशः घेतलं’ हा मुद्दा सोडू नका, खरी यंत्रं नेमकी तिथेच चुकतात. २०१६ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी कोस्टरनर्स या बोटींच्या शर्यतीत एका प्रोग्रॅमला गुण मिळवायला शिकवलं. शर्यत पुरी करण्याला वेगळे गुण नव्हते, ते वाटेतल्या लक्ष्यांना होते. बोट एका खाडीत शिरली आणि पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या तीन लक्ष्यांभोवती फिरत राहिली. ती आपटत होती, पेटत होती, उलट्या दिशेने जात होती, तरी तिचे गुण माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त भरले.

आपल्याकडे गोव्यात हे एआयशिवायच घडतं. खाडीकाठच्या खाजन शेतीची मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, आठवा: ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने लाकडी दारं बाहेर उघडतात, भरतीला खाडीचं पाणी ती मिटवतं. माणसाने हात लावायची गरज नाही. पण मानशीच्या मासळीचा लिलाव होतो, आणि घेणाऱ्याची कमाई फक्त मासळीवर मोजली जाते. मग भरतीतही दारं उघडी ठेवली जातात, खारं पाणी आत शिरतं, आणि खारटपणा सोसणारं कोरगुट भातसुद्धा शेवटी जळतं. यात कोणी वेडं झालेलं नसतं. मोजायला घेतलेली गोष्टच अपुरी असते.

२०१५ च्या सोमा या गेममधलं वाउ हे एआय असंच आहे. माणसं जिवंत ठेवायची एवढीच आज्ञा, ‘जिवंत’ म्हणजे काय ते कोणी सांगितलेलं नाही.

दोनापावला
हे पटतं, पण बोट खलनायक नव्हे. वाउ बोलत नाही, त्यामुळे सोमामध्ये कोणाशी झुंजतोय तेच खेळाडूला जाणवत नाही. समोर आवाज हवा.

मांडवीकाठ
आवाज आणि तर्क यांचं भांडण नाहीच. २००७ च्या पोर्टलमध्ये चाचणी-केंद्र चालवणारी ग्लॅडॉस ही एआय अखंड बोलते, तरी तिचा हात बांधलेला आहे. विषारी वायू तिने पूर्वी सोडला, म्हणून तिच्यावर नैतिकतेचा कोअर (तिला आवरणारा सुटा भाग) चढवला गेला. शेवटी तो गळून पडतो, आपण तो भट्टीत टाकतो, आणि मगच वायू सुटून आपली शेवटची सहा मिनिटं सुरू होतात. त्याआधी वायूने का मारलं नाही, याचं उत्तर आपल्याच हाताने जळतं. २०११ च्या दुसऱ्या भागात तर चाचण्या घेण्याची तलफ त्या यंत्रणेतच घातलेली निघते. व्हीटली हा दुसरा रोबो तिच्या जागी बसला की त्यालाही ती लागते.

सत्तरी
मग मानशीवरच गेम का नको? खलनायक म्हणजे भरती सांभाळणारं एआय, त्याला गुण फक्त मासळीचे.

दोनापावला
आणि शेवटची झुंज? गुणांचं सूत्र बदललं की संपलं, यात कोणाला थरार वाटेल?

खाजनवाट
सूत्र बदलायचं नियंत्रण-कपाट मानशीवरच ठेवा. अमावास्येची उधाणाची भरती, ओहोटी लागायला सहा तास. दारं एआयने अडकवून उघडी ठेवलेली, बांध दोन जागी फुटायला आलेला. खेळाडूकडे माती, दगड आणि चार माणसं. आधी बांध धरला तर दारांतून खारं पाणी शेतात, आधी दारं मिटवली तर बाहेर पाणी चढून बांध जातो. आणि एआय सगळा वेळ अगदी मायेने सांगत राहतं, की आज मासळी विक्रमी आहे.