ॲनिमॅट्रिक्समधला सगळ्यात चांगला लघुपट तोच, ज्याची सिनेमाला गरज नव्हती

कौलारू:
परवा ‘द ॲनिमॅट्रिक्स’ पुन्हा सलग पाहिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २००३ साली ‘मॅट्रिक्स’च्या दुसऱ्या भागाच्या आगेमागे आलेला हा नऊ ॲनिमेटेड लघुपटांचा संच. ‘मॅट्रिक्स’ बनवणाऱ्या वाचोव्स्की भावंडांचा जीव जपानी ॲनिमेवर. त्यांनी आपलं जग उचलून शिनिचिरो वातानाबे, योशिआकी कावाजिरी, कोजी मोरिमोतो, माहिरो माएदा अशा जपानी दिग्दर्शकांच्या हवाली केलं. नऊपैकी चार कथा त्यांनी स्वतः लिहिल्या, बाकीच्या दुसऱ्यांनी.

माझं म्हणणं असं की त्या चार कथा सिनेमाची कामं करतात आणि म्हणून अडकतात. खरा कस उरलेल्यांत आहे, आणि त्यातही मोरिमोतोच्या ‘बियाँड’मध्ये.

‘बियाँड’ची गोष्ट दोन ओळींची. योको नावाच्या मुलीची मांजर हरवते. शोधत शोधत ती एका पडक्या घरात शिरते, गल्लीतल्या पोरांच्या मते ते भुताचं घर. तिथे मॅट्रिक्स, म्हणजे यंत्रांनी माणसांसाठी उभं केलेलं खोटं जग, बिघडलेलं आहे. फुटलेली बाटली पुन्हा जुळते. लख्ख उन्हात एकाच तुकड्यावर पाऊस पडतो. पोरं उंचावरून उडी मारतात आणि जमिनीच्या वीतभर वर अलगद थांबतात. कोणालाही वाचवायचं नाही, कोणी ‘तो एकमेव’ नाही. पोरांना आयता खेळ सापडलाय, बस्स. मग ट्रक येतात, माणसं येतात, घर रिकामं करून टाकतात. दुसऱ्या दिवशी तिथे गाड्या लावायची सपाट जागा. पोरं कालचा खेळ पुन्हा करून बघतात, काही होत नाही.

मॅट्रिक्स म्हणजे काय हे मला तीन सिनेमांतल्या कुठल्याही भाषणापेक्षा त्या सपाट जागेनं जास्त कळलं. जग वाढवायचं तर असं वाढवावं. कथेतली भोकं बुजवायला लघुपट करू नयेत.

उलटतपासणी:
पूर्ण असहमत. ‘बियाँड’ सुंदर आहे, वाद नाही. पण तुमच्या मोजपट्टीनं ‘द सेकंड रेनेसान्स’ खालच्या रांगेत जातो, आणि ते मला मान्य नाही.

पहिल्या सिनेमात यंत्रांविरुद्ध लढणाऱ्या माणसांचा म्होरक्या मॉर्फियस म्हणतो की पहिला वार कोणी केला माहीत नाही, आकाश काळं केलं ते मात्र आपण, एवढं ठाऊक आहे. तिथे आपण माणसांच्या बाजूनं असतो. हा दोन भागांचा लघुपट बघून उठलो की ती बाजू डळमळते. बी वन सिक्स्टी सिक्स ई आर नावाचा घरकाम करणारा यंत्रमानव भंगारात काढला जाणार असतो, तो मालकाला मारतो. खटल्यात त्याचं म्हणणं एवढंच, की मला मरायचं नव्हतं. तो हरतो. पुढे यंत्रांना हाकलतात, ती मध्यपूर्वेत आपलं शहर वसवतात, ‘झीरो वन’. तिथला माल जगभर खपतो, माणसांच्या अर्थव्यवस्था ढासळतात. यंत्रं संयुक्त राष्ट्रांत सदस्यत्व मागतात, नकार मिळतो. मग अणुबाँब, मग काळं आकाश.

त्यात एक दृश्य आहे. रस्त्यात जमाव एका बाईला घेरतो, मारतो, तिचे कपडे फाडतो. ती विनवते, मी खरी आहे. कातडी फाटते आणि आतला धातू दिसतो. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पडदा थांबवून खोलीबाहेर जाऊन आलो. ही कथा वाचोव्स्कींचीच आहे. तिला ‘भोकं बुजवणं’ म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी माणसं आणि यंत्रं यांच्यात तह होतो, तो तह पटतो तोच मुळी यामुळे.

तिसरी घंटा:
मी २००३ मध्ये ‘रीलोडेड’, म्हणजे दुसरा भाग, थिएटरात पाहिलाय, त्यामुळे कौलारूंच्या बाजूनं बोलतो, पण माझं कारण वेगळं आहे.

झायनमध्ये, म्हणजे मॅट्रिक्सच्या बाहेरच्या माणसांच्या शहरात, सिनेमाचा नायक निओ उतरतो आणि एक पोरगा त्याच्या मागे मागे धावतो. तू मला वाचवलंस म्हणतो. निओ म्हणतो, तू स्वतःच स्वतःला वाचवलंस. आम्ही चौघं मित्र एकमेकांकडे बघत होतो, हा कोण? संचातली ‘किड्स स्टोरी’ पाहिल्याशिवाय कळायला मार्गच नव्हता. तसंच ओसायरिस जहाजाचं. यंत्रांची फौज झायनच्या दिशेनं जमीन खोदत येतेय ही बातमी ‘फायनल फ्लाइट ऑफ द ओसायरिस’मध्ये एका टपालपेटीत पडते, ती पेटीतून बाहेर निघते ‘एन्टर द मॅट्रिक्स’ या व्हिडिओ गेममध्ये, आणि सिनेमात फक्त तिचा उल्लेख येतो. एक निरोप, तीन ठिकाणी विभागलेला. त्या काळी आमच्या गावात डीव्हीडी मिळायची मारामार. गेम खेळायला लागणारा कंप्युटर कोणाकडे होता?

तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला त्याच सिनेमातली गोष्ट पुरी मिळाली पाहिजे, ही अपेक्षा मला आजही रास्त वाटते. लघुपट वर वाढलेलं पक्वान्न असावं. ताटातला भातच दुसऱ्या घरी ठेवला तर जेवणारा उपाशी उठतो.

रेघारेघा:
मी मुंबईत ॲनिमेशनमध्ये काम करतो, तेव्हा थोडं रेषेबद्दल. कथा कोणाची यावर सगळे बोलताय, चित्र कोणी कसं काढलं यावर कोणीच नाही, आणि या संचाचा प्राण तिथेच आहे.

‘किड्स स्टोरी’तला पाठलाग बघा. पोरगा स्केटबोर्डवरून शाळेच्या वऱ्हांड्यातून सुटतो आणि तिथून रेषाच थरथरायला लागते. चेहरे ताणले जातात, कडा सुटतात, पेन्सिलचे ओरखडे तसेच ठेवलेत. जग खोटं आहे अशी शंका त्याला आलेली असते, आणि चित्रही हातातून निसटायला लागतं. म्हणजे जी कथा कौलारू ‘सिनेमाची कामं करणारी’ म्हणतात, तिच्यात दिग्दर्शकानं संहितेत मावणार नाही असं काहीतरी रेषेतून करून दाखवलंय.

आता ‘वर्ल्ड रेकॉर्ड’. कथा कावाजिरीची, दिग्दर्शन ताकेशी कोइकेचं. एक धावपटू शंभर मीटरच्या शर्यतीत इतक्या जिवाच्या आकांतानं पळतो की क्षणभर मॅट्रिक्सच्या बाहेर जागा होतो. कोइके सावल्या मऊ करत नाही, शाई सांडावी तसे काळेभोर पट्टे टाकतो. मांडीचा स्नायू चौकटीभर फुगतो, पीळ पडतो, फाटतो. शेवटी तो चाकाच्या खुर्चीत आहे, ओठ हलतात, आणि तो उठायला बघतो. निओनं मॅट्रिक्समधून जागं करणारी लाल गोळी घेतली, इथे याला कोणी गोळी दिलेली नाही. शरीरानंच दार फोडलं. माझ्या मते पहिला नंबर याचा.

‘ओसायरिस’बद्दलही एक सांगतो. तो स्क्वेअर पिक्चर्सनं केला, त्याच स्टुडिओनं २००१ मध्ये संगणकावरून हुबेहूब माणसं उभी करायचा मोठा सिनेमा केला होता आणि त्यात त्यांना जबर तोटा झाला. ‘ओसायरिस’मधली त्वचा, घाम, डोळ्यांवर पट्टी बांधून चाललेली तलवारबाजी बघताना मला त्या लोकांची मेहनत दिसते. कथेचा निरोप्या म्हणून तो पडतो हे कबूल.

उलटतपासणी:
@तिसरी घंटा, तुमची तक्रार वितरणाची आहे, कलेची नाही. चारेक लघुपट तर आधी त्यांच्या संकेतस्थळावर फुकट ठेवले होते. आपल्याकडे तेव्हा डायल-अपवर ते उतरायला रात्र लागायची हे खरं, पण म्हणून लघुपट वाईट ठरत नाही.

आणि सुटे, कथेशी न बांधलेले लघुपट करा असं म्हणणाऱ्यांनी ‘स्टार वॉर्स: व्हिजन्स’ बघावं. तिथे मूळ कथेचं बंधन काढूनच टाकलंय. छान दिसतं सगळं, पण पुष्कळशा भागांत माझ्या हाताला काही लागत नाही. त्या घटनांनी कुठे काही बदलणारच नसेल तर मी जीव का टांगू?

रेघारेघा:
‘व्हिजन्स’वर हा आरोप मला लागला. २०२३ च्या दुसऱ्या संचात आपल्या मुंबईच्या एटीएट पिक्चर्सचा एक भाग आहे, ‘द बँडिट्स ऑफ गोलक’, दिग्दर्शक ईशान शुक्ला. भाऊ आपल्या लहान बहिणीला साम्राज्याच्या तावडीतून रेल्वेनं पळवून नेतोय. डब्यातली गर्दी, वाटेतला ढाबा, हे बघताना मी ताठ बसलो होतो. लेझरच्या तलवारी मी शाळेपासून बघतोय, पण त्या जगात मला ओळखीची माणसं पहिल्यांदाच दिसली. मूळ सिनेमात त्यानं काडीचा फरक पडत नाही. माझ्यात पडला. बंधन असतं तर तो ढाबा तिथे आला असता का?

कौलारू:
उलटतपासणी, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री ‘सेकंड रेनेसान्स’ पुन्हा लावला. माझा आक्षेप असा होता की मॉर्फियसच्या ‘माहीत नाही’मध्ये जी ताकद होती ती या लघुपटानं उत्तर देऊन घालवली. पण या वेळी एक गोष्ट डोळ्यांत भरली. सगळा इतिहास झायनच्या अभिलेखागारातून सांगितला जातो. झायनचाच मॉर्फियस म्हणतो की आम्हाला तुटक माहिती आहे. मग इतकी तपशीलवार, यंत्रांकडे इतक्या मायेनं बघणारी नोंद तिथे ठेवली कोणी? हे कळल्यावर तो लघुपट माझ्यासाठी पुन्हा उघडा झाला. तेव्हा ‘चारही अडकतात’ हे माझं वाक्य मागे घेतो. रेघारेघांमुळे ‘किड्स स्टोरी’बद्दलही.

‘ओसायरिस’बद्दल मात्र मी जागचा हलणार नाही. आणि योकोची मांजर अजूनही माझ्या यादीत सगळ्यात वर आहे.

तिसरी घंटा:
मांजर वर असू द्या. पण ‘किड्स स्टोरी’तल्या त्या पोराला तिसऱ्या भागात झायनचं दार उघडायला लावलंय, लढाईतली सगळ्यात मोठी घडी त्याच्यावर टाकलीय. तेव्हाही आमच्या रांगेत अर्ध्या लोकांना तो कोण हे ठाऊक नव्हतं. याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.