घरातली म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत, तुम्ही काय करता?

मे महिन्यात देवगडला माहेरी होते. आई ७८ वर्षांची. दुपारी पडवीत बसलेली, माझ्याकडे बघून विचारते, "कोणाचा गो तू चेडू?" पायाखालची जमीनच सरकली, वाटलं झटका आला. डॉक्टरांनी जीभ बघितली, कोरडी ठाक, आणि सकाळपासून ती लघवीला गेलीच नव्हती हे तेव्हा लक्षात आलं. सलाईन लावलं, संध्याकाळी मला नावाने हाक मारून चहा मागितला. म्हणाले या वयात तहानच कमी लागते, किडनीही पाणी पूर्वीसारखं धरून ठेवत नाही, तहान लागली की पितील याच्यावर राहू नका. तुमचे अनुभव लिहा.

आमच्या आप्पांना तहान लागते हो, पण पीत नाहीत! गुहागरचं जुनं घर, संडास मागच्या अंगणात, रात्री पायऱ्या उतरायला नकोत म्हणून चार वाजल्यापासून पाणी बंद, वर बीपीची लघवी होणारी गोळी. वर्षभर डोकं फोडलं आणि शेवटी पायऱ्यांना कठडा नि बल्ब लावला, गोळी डॉक्टरांना विचारून सकाळची केली. आता पितात.

सासूबाई (वेंगुर्ला) पाणी म्हटलं की "तान नाय माका". तांब्यावर उपडं घातलेलं फुलपात्र संध्याकाळी तसंच. मग मी नाद सोडला. सकाळी उकड्या तांदळाची पेज, अकराला ताक, जेवताना सोलकढी, त्याला कधी नाही म्हणत नाहीत. मीठ तेवढं हात राखून घालते. विकतचं कोकम सरबत मात्र नाही, शुगर आहे, नुसता पाक असतो तो.

सरसकट पाजू नका हं. बाबांच्या हार्टचं पंपिंग कमी, त्यांना दिवसाला दीड लिटरच सांगितलंय, चहा-आमटी धरून. किडनीचा त्रास असेल तर शहाळंपण विचारूनच, पोटॅशियम असतं त्यात.

आजीला जुलाब झाले तेव्हा मी शहाणीने ओआरएसचं लिटरचं अख्खं पाकीट एका ग्लासात कालवलं, तिने थुंकलं म्हणून वाचलो. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

आमच्या अण्णांना पाहुणा लागतो. कोणी ओटीवर आलं की गूळपाणी मागवतात नि त्याच्याबरोबर स्वतः पितात. सध्या शेजारचा पोरगा शाळेतून येताना रोज पाहुणा होतो, गुळाचा खडा मोठा मिळतो म्हणून.